झाडून सगळ्या पोरांनी यावं

छत्रीची मूठ माझ्या झंपराच्या गळ्यात मागून अडकली आणि मी खेचली गेले. हात लावायचा नव्हता, म्हणून छत्री.

मी लाकडी घोड्यावर बसले होते. पांढरा घोडा, काळे रंगवलेले डोळे. मुंबईहून आगबोटीतून आलेली चक्री. ती अजून फिरायला लागली नव्हती. बाकीच्या घोड्यांवर मुलं बसायची होती.

"उतर."

मी उतरले. छत्रीवाले गृहस्थ म्हणजे गावातले वकील. बंदराच्या वाटेवरच्या मैदानात मुलांचा मेळा भरवायची कल्पना त्यांचीच. चक्री, जादूचे खेळ, लिंबू-चमचा, चुरमुऱ्यांचा खाऊ. सगळं फुकट. आईबापांनी मुलांना घेऊन यावं आणि संध्याकाळपर्यंत खेळावं. खाडीपलीकडच्या भाट्याची माणसं तरीत बसून पोरांना घेऊन आली होती.

माझ्या अवतारावरून त्यांना संशय आला होताच, तरी त्यांनी विचारलं, "कोणाची गो तू?"

"दवंडीवाल्याची."

माझ्याजवळची माणसं मागं सरली. एका बाईनं लुगडं आवरून घेतलं. दवंडीवाला म्हणजे महार, हे सगळ्यांना ठाऊक. मग वकिलांनी विचारलं, "आत कशी आलीस? कोणी सोडलं तुला?"

या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. शाळेत मास्तर मला प्रश्न विचारत नसत. मी बाहेर ओटीच्या पायरीवर बसायची. त्यामुळं कोणी काही विचारलं आणि ते मला आलं, की बरं वाटायचं. मी जोरात म्हटलं, "आमी झाडलाय."

"काय?"

"मैदान. आयेनं नि मी झाडलाय. म्हणून मी आलंय."

हे नीट सांगायला हवं. आदल्या दिवशी माझ्या आबानं गावभर दवंडी दिली. गळ्यात ढोल, हातात काठी. सांगितलं होतं तसंच तो ओरडला: "उद्या बंदरावर पोरांचा मेळा हाय हो! फुकट हाय हो! झाडून सगळ्या पोरांनी यावं हो!" मी त्याच्या मागून चालत होते. झाडून सगळे म्हणजे एकूण एक, कोणी मागं राहायचं नाही, हे आज मला कळतं. तेव्हा मी लहान होते. झाडणं हा शब्द आमच्या घरात एकाच कामाचा. मला वाटलं, जे झाडतील त्या सगळ्यांनी यावं. मला ते रास्त वाटलं. काम करा आणि खेळा.

मेळ्याच्या सकाळी मैदान झाडायला आयेला बोलावलं. मी मागं लागले. माडाच्या हिरांचा खराटा माझ्याहून उंच होता. जांभ्याची तांबडी धूळ नाकातोंडात गेली. जिथं चक्री उभी राहायची होती ती जागा मी पुन्हा पुन्हा झाडली. आये हसली. म्हणाली, "एवडा कशाला झाडतंस? नवरी उतरनार हाय काय हितं?" मी तिला सांगितलं नाही की मी माझी जागा झाडतेय.

तर मी म्हटलं, आमी झाडलाय. आणि लोक हसले.

आधी वकील हसले. ते हसणं वाईट नव्हतं. पोर काहीतरी गमतीचं बोललं की मोठी माणसं हसतात, तसं. मग ते मागं मागं पसरत गेलं. ज्याला ऐकू आलं नाही त्याला शेजारच्यानं सांगितलं, आणि तोही हसला. आमचे मास्तर तिथं होते. त्यांनी मला अर्थ समजावला. मास्तरांनी मला समोर उभं राहून शिकवलेला तो पहिला धडा.

"अगो, झाडून म्हणजे केर काढून नव्हे. झाडून म्हणजे सगळे. एकूण एक."

"मग मी?"

मास्तरांनी वकिलांकडं बघितलं. वकिलांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"सगळे म्हणजे," ते म्हणाले, "आपले सगळे."

मघाची लुगडं आवरणारी बाई म्हणाली, "ते व्याकरण राहू दे. घोडा धुवा आधी. माझा बाळ केव्हाचा खोळंबलाय."

पाणी कुठलं आणायचं यावर थोडी चर्चा झाली. समुद्राला विटाळ नाही, असं कोणीतरी म्हणालं. समोरूनच बादल्या भरून आणल्या. घोडा धुतला. पाठ धुतली, मान धुतली, मी धरला होता तो कान धुतला. रंग हलक्यातला होता. डोळ्यातला काळा ओघळ तोंडावरून खाली आला. चक्रीवाला तेवढं बोलला, "साहेब, रंग जातोय माझा." त्याला रंगाची काळजी होती. बाकी कोणाला कसलीच नव्हती.

बाळ घोड्यावर बसला.

आबाला हाक मारली. तो कुंपणाबाहेर ढोल घेऊन उभा होता. वकील त्याला म्हणाले, "पोरीला ने. आणि जाता जाता बाजारात पुन्हा एकदा पुकार, घोडे सुरू झाले म्हणून."

आबानं मान हलवली. आम्ही निघालो. बाजाराच्या तोंडाशी त्यानं ढोल वाजवला आणि तो ओरडला, "घोडे चालू झाले हो! झाडून सगळ्या पोरांनी यावं हो!"

मी त्याच्या मागं होते. त्यानं वळून बघितलं नाही.

आता सभांमधून मी बोलते, तेव्हा आमचेच कार्यकर्ते सांगतात, तो प्रसंग सांग, तेव्हा तुला काय वाटलं ते सांग, माणसं रडतील. मला काही वाटलं नाही. खरं तेच सांगते. कढत पेजेनं जीभ भाजली की पुढं काही दिवस कशाचीच चव लागत नाही, तसं झालं. मी रडले नाही. घरी गेल्यावर आयेनं ताट वाढलं, म्हणाली, "जेव गो बाय." मी जेवले. शाळेत जात राहिले. पायरीवर बसत राहिले. कोणी हसलं तर हसू दिलं. वर्षं गेली ती अशी. माणसं रडावीत म्हणून मी बोलत नाही. रडून घरी जाणारी माणसं मला पुष्कळ भेटली आहेत.

आबा मात्र त्या दिवशी जेवला नाही. भिंतीला टेकून बसला आणि कोणी विचारलेलं नसताना म्हणाला, "शब्द माजा नाय. ते सांगतात, मी वरडतंय." आयेनं त्याचं ताट झाकून ठेवलं.

मेळा दर वर्षी भरू लागला. दर वर्षी आबा दवंडी द्यायचा, आये झाडायची, आणि आमच्या वाडीतली पोरं दुरून, बंदराच्या धक्क्यावरून, चक्री फिरताना बघायची. कोणी आत जायचं नाही, हे आता पोरांना सांगावंही लागत नव्हतं. गावात सुधारणेवर व्याख्यानं होत होती. वकील स्वतः देत. अस्पृश्यता हा कलंक आहे, असं त्यांच्या तोंडून मी रस्त्यावर उभी राहून ऐकलं आहे. बोलतात चांगलं.

माझा मामा मुंबईत गिरणीत होता. शिमग्याला यायचा तेव्हा पिशवीत पत्रकं असायची. मी ती वाडीत मोठ्यानं वाचायची. वाचता वाचता लिहायला लागले. त्या पत्रकांनी मला एक गोष्ट शिकवली. जे आहे त्याचं नाव घ्यावं. आमच्यावर अन्याय होतो, असं म्हणू नये. कोण करतो, कुठं करतो, कसा करतो, ते म्हणावं.

मग एका वर्षी मेळ्याच्या तोंडावर आबाचा घसा बसला. आवाजच फुटेना. मी म्हटलं, "आबा, ढोल तू वाजव. वरडते मी."

"बायमानूस दवंडी देतंय काय खय?"

"मग तू वरड."

त्यानं तोंड उघडलं. फुसकन वारा आला. तो हसला, मीही हसले. आम्ही निघालो.

बाजारपेठेत ऐन गर्दीची वेळ. दुकानं उघडी, पायऱ्यांवर माणसं. आबानं ढोल वाजवला आणि थांबला. मी ओरडले.

"उद्या बंदरावर पोरांचा मेळा हाय हो! फुकट हाय हो! बामणांच्या पोरांनी यावं हो! मराठ्यांच्या, कुणब्यांच्या, भंडाऱ्यांच्या पोरांनी यावं हो! महारांच्या नि चांभारांच्या पोरांनी येऊ नये हो! त्यांच्या आयांनी सकाळी झाडायला यावं हो!"

दवंडीचा नियम असा की ओरडून झालं की शेवटी ढोलावर तीन ठोके पडतात. म्हणजे पुकारा पुरा झाला. मी आबाकडं बघितलं नाही. त्यानं वळून बघितलं नव्हतं, तसंच. तराजू धरलेला वाणी तसाच उभा. ठोके पडेनात. मला वाटलं, तो ढोल खाली ठेवून निघून जाणार.

मग पडले. धम्म. धम्म. धम्म. इतके जोरात की वाण्याच्या हातातलं पारडं हललं.

वकील त्यांच्या पायरीवरून खाली आले. पायात वहाण नव्हती.

"काय बडबडतेस हे? कोणी सांगितलं असं पुकारायला?"

"कोणी नाय."

"मग? आम्ही असं कधी म्हटलंय?"

"म्हटलं नाही. करता."

"असं बोलायचं नसतं, अगो. गावाची शोभा होते."

"करताना होत नाही?"

त्यांनी आबाला विचारलं, "हे शब्द कोणाचे?"

आबाचा आवाज नव्हता. त्यानं काठी माझ्याकडं केली, आणि मग स्वतःच्या छातीवर ठेवली.

तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं. काय ते सांगता येत नाही. आनंद नव्हता. मुंग्या आलेल्या पायावर उभं राहिलं की दुखतं, तसं दुखलं.

ढोल काढून घेतला. आबाची दवंडी गेली, त्याबरोबर तिचं जे काय मिळायचं ते गेलं. आये झाडायला गेली नाही. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिनंच खराटा बाहेर काढला नाही. मैदान कोणी झाडलं, मला माहीत नाही.

मेळ्याच्या दिवशीच वकिलांचा माणूस वाडीच्या तोंडाशी आला. निरोप असा: साहेबांनी विचार केला आहे. मेळा आज रविवारी संपेल. सोमवारी सकाळी चक्री तशीच राहील. तुमच्या मुलांनी तेव्हा यावं. तेही फुकट.

वाडी विचाराला बसली. वाडीतले सगळ्यांत जाणते तात्या. ते म्हणाले, "घेऊया की. सोमवारचा घोडा काय लंगडा असतो?"

सगळे हसले. मीही हसले. तात्या वाईट माणूस नव्हे. त्यांच्या नातवंडांना बसायचं होतं. माझी धाकटी बहीण माझा पदर ओढत होती. "ताय, येकदाच. येकच फेरी."

मी म्हटलं, "तात्या, घोडा लंगडा नाही. दिवस लंगडा आहे. सगळ्यांचं झाल्यावर आपण. मग घोडे धुवायचे आणि आगबोटीवर चढवायचे. पुढच्या वर्षी कोणी विचारलं तर सांगतील, त्यांना वेगळा दिवस दिलाय की. मागून दिलेलं घेतलंत, तर पुढून मागायचं तोंड राहणार नाही."

"पोरं पोरं असतात गो," तात्या म्हणाले. "त्यांना कुटं कळतोय रविवार नि सोमवार."

"कळतो. मला कळला होता."

सोमवारी काही जण गेले. त्यांना मी दोष देत नाही. तात्या नातवंडांना घेऊन गेले आणि परत आल्यावर माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. माझी बहीण जायला निघाली होती. मी तिचा हात धरून ठेवला. ती मनगटाला चावली. मी सोडला नाही. ती ओरडून ओरडून थकली आणि तिथंच मातीत झोपली. चक्रीच्या घुंगरांचा आवाज वाडीपर्यंत येत होता. ती अजून म्हणते, तू मला बसू दिलं नाहीस. तिचं खरं आहे. मी तिला बरं वाटेल असं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

यंदा दवंडी नाही. छापील कागद भिंतीवर लागले आहेत. खाली बारीक अक्षरात सोमवारची ओळ आहे. आता ती छापतात, एवढी सुधारणा झाली. वकिलांनी मला निरोप धाडला की तुम्ही शिकलेल्या आहात, सोमवारच्या मुलांची व्यवस्था तुम्हीच बघा, तुमचं नाव कागदावर घालू.

मी उलट निरोप धाडला आहे. नाव घालू नका. व्यवस्था मी बघते आहे.

आमच्या वाडीतल्या आणि चांभारवाडीतल्या घराघरांत मी गेले. जे येणार त्यांनाच घेणार. फसवून कोणाला नेणार नाही. आईबापांना सांगितलं की मार बसेल. कामं जातील. पोरांना घोडा मिळेलच असं नाही, बहुतेक मिळणार नाही. फाटकातून आत सोडलं नाही तर फाटकात बसायचं. उचललं तर पुन्हा येऊन बसायचं. उन्हात बसायचं, तहान लागेल, पोरं रडतील. रडू द्यायचं. गप्प करायचं नाही. आत खेळणाऱ्या मुलांना ऐकू जायला हवं. त्यांच्या आईबापांना त्यांनी विचारायला हवं, बाहेर कोण रडतंय म्हणून. उत्तर त्यांनी द्यायचं आहे, आम्ही नाही.

माझी बहीण येणार आहे. माझ्यावर राग धरूनच येणार आहे. येऊ दे.

सोमवारी मैदानात आमचं कोणी दिसणार नाही. आम्ही रविवारी येतो.