एका बांधीत दोन धान

इंग्रज जाऊन सात-आठ वर्षं झाली होती, इंग्रजी मात्र माझ्या मानगुटीवरून उतरत नव्हती. मॅट्रिकला मी तिच्यातच आपटले, तीही एका खोडीपायी. वाक्य काल सुरू करायचं आणि आज संपवायचं. 'काल मी बाजारात गेले आणि भाजी घेते', असलं माझं इंग्रजी. मास्तरांच्या लाल शाईने वही रंगायची, डोक्यात काही शिरायचं नाही. मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाने, सांगून टाकलं की पोरीचं शिक्षण पुरे, स्थळ बघा. बाबा कधी नव्हे ते त्यांच्यापुढे बोलले आणि माझ्यासाठी आणखी एक वर्ष मागून घेतलं. एकच.

त्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीला मी आमच्या बांधीत, चिखलाच्या खाचरात, पऱ्हे, म्हणजे रोपं, वाहून देत होते. तोंडाने वाक्यं चालूच. काल गेले, काल घेतली, काल आले. त्या नादात लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाच्या पेंढ्यांत उशिराच्या भारी धानाच्या पेंढ्या कधी मिसळल्या, देवाला ठाऊक. बायांनी दिल्या तशा रोवल्या.

दिवाळीच्या सुमारास माझं बिंग फुटलं. बांधीत इथे पिवळं, तिथे हिरवंगार. शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून, जाणारा-येणारा थांबून हसायचा. मोठेबाबा भडकले, हे पुस्तकाचं फळ म्हणाले, आता बंद करा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी विचारलं तेव्हा रडत रडत सगळं सांगितलं, वाक्यांचंसुद्धा. बाबा चौथी शिकलेले, इंग्रजीचा गंध नाही. बांधीकडे बघून मोठेबाबांना म्हणाले, "धान आपून दोनदा कापू. पोरीचं हे वर्ष पुन्हा नाही भेटत."

आणि खरंच दोनदा कापलं. आधी पिवळं, हिरवं वाचवत, कंबर मोडेस्तोवर. महिन्याभराने उरलेलं. मी विळा घेतला तर बाबांनी तो काढून घेतला आणि अभ्यासाला पिटाळलं.

परीक्षेत निबंध लिहून झाल्यावर मी तो धुऱ्यावर उभं राहून बांधी बघावी तसा परत वाचला. कालच्या वाक्यात आजचं हिरवं दिसलं की खोडायचं. पाच जागी खोडलं.

पास झाले. मोठेबाबांनी पेढे वाटले, पण पुढचं कोणी काढेना, आणि विचारायची माझी हिंमत होईना. रोवणी आली. बघते तर बाबा बांधीच्या कडेला बसून भारी धानाच्या एकेका पेंढीला माझ्या जुन्या परकराची चिंधी बांधून राहिले. मी विचारलं, हे काऊन?

"यंदा कॉलेजचं इंग्रजी बडबडत येशील ना," बाबा म्हणाले.