फोटोतला पांढरा फ्रॉक

नको तिथं शहाणपणा शिकवायचा, ही माझी जुनी खोड. मेहकरच्या बसस्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो काढायला आलेल्या माणसालाही मी कागद कसा बनतो ते ऐकवल्याशिवाय सोडत नाही. त्याची बस लागलेली असते, तो घड्याळाकडे बघत असतो, आणि मी म्हणतो, हा नुसता कागद नाही बरं का, याच्या दोन्ही अंगांना प्लॅस्टिकचा लेप असतो. लोक हो हो म्हणतात आणि निघून जातात. घरच्या माणसाला जाता येत नाही. माझ्या बायकोनं ते सगळं ऐकलं आणि नीट ध्यानात ठेवलं. या खोडीपायी आमच्या घरातून काय गेलं ते लिहून काढतो आहे. तोंडानं सांगायला बसलो की मी पुन्हा कागदाच्या माहितीवरच घसरतो.

रोलचा जमाना होता तेव्हाची गोष्ट. रंगीत रोल आम्ही सकाळच्या एसटीनं अकोल्याच्या लॅबला पाठवायचो. कधी स्वतः गेलो की तिथला मशीनवाला मला आत घ्यायचा. त्यानं एकदा कागदाची एक कोरी पट्टी हातात दिली आणि सांगितलं की याच्या प्लॅस्टिकमध्ये ब्राइटनर मिसळलेला असतो. उन्हातला जो भाग डोळ्याला दिसत नाही तो हा पकडतो आणि निळसर उजेड करून परत फेकतो. म्हणून कागद दुधापेक्षा पांढरा दिसतो. कपडे धुवायच्या पावडरमध्ये असतं ते याच जातीचं द्रव्य. मला ही गोष्ट इतकी आवडली की परतीच्या गाडीत शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्यालाही मी ती सांगितली.

दुकानात नोटा तपासायचा एक जांभळा दिवा होता. तो मी दुपारी जेवायला जाताना घरी नेला, खिडकीचं दार लावलं आणि बायकोला नि मुलीला बोलावलं. मुलगी चार वर्षांची. तिचा पांढरा फ्रॉक आदल्याच दिवशी धुतलेला होता, तोच तिनं अंगात घातला होता. दिवा लावला तशी माझ्या हातातली पट्टी निळी उजळली आणि तिचा फ्रॉकही तसाच उजळला. बाकी खोलीत काही दिसेना. मुलगी हसली तर तिचे दातही चमकले. मग ती कितीतरी वेळ तोंड उघडं ठेवून उभी राहिली.

"हे दोन्ही एकच पांढरं हाये," मी बायकोला म्हणालो. "जे तुया पावडरीत तेच या कागदात. उद्या फोटो पिवळा पडला तर धुवून टाक बादलीत. प्लॅस्टिकले पाण्यानं काय होते?"

मी गंमत केली होती. चित्र प्लॅस्टिकमध्ये नसतं, त्याच्यावर जिलेटिनचा दुधाच्या सायीइतका पातळ थर असतो आणि सगळे रंग त्या थरात असतात, हे मी सांगितलं नाही. म्हणजे सांगणार होतो, पण वरण निवत होतं.

त्याच वर्षीच्या पंधरा ऑगस्टला बालवाडीच्या झेंडावंदनाला तिनं तो फ्रॉक घातला. बायकोनं रात्रीच तो नीळ घालून वाळत टाकला होता. माझ्या कॅमेऱ्यात डोणगावच्या एका साखरपुड्याचा रोल होता आणि त्यात शेवटची एक फ्रेम उरली होती. उरलेल्या फ्रेमवर मी माझी मुलगी काढली. दुसऱ्यांच्या पोरांचे रोलच्या रोल काढणाऱ्या माणसानं आपल्या पोरीला उरलंसुरलं दिलं, हे आता लिहितानाही माझी मला चीड येते. त्याआधीचा तिचा एकच फोटो, बारशाचा. त्यात दृष्ट लागू नये म्हणून माझ्या आईनं तिचं तोंड टोपऱ्यात असं झाकलं होतं की फक्त गालावरची काळी तीट दिसते.

फोटो धुऊन आला तेव्हा मुलीनं तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "माये बूट कुठी हायेत?" फोटो गुडघ्यापर्यंतच होता. नवे बूट त्यात आले नव्हते म्हणून ती दोन दिवस माझ्यावर रुसून होती.

त्याच पावसाळ्यात ती गेली. ताप डोक्यात गेला असं डॉक्टर म्हणाले. आम्ही तिला अकोल्याला नेत होतो आणि गाडी पोचायच्या आत सगळं संपलं. पुढं आम्हाला मूल झालं नाही.

लहान प्रत त्या धावपळीत कुठंतरी हरवली; निगेटिव्हवरून फोटो मी मोठा करून घेतला, फ्रेम केला आणि बायकोनं तो पूर्वेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला. तिथं उजेड येतो, पोरीला अंधाराची भीती वाटते, म्हणाली. मला कळत होतं की रोजचं ऊन या कागदाला खातं. पण त्या दिवसांत तिच्याशी कशावरही वाद घालायची माझी छाती नव्हती.

वर्षं गेली. रोल गेले, लॅब बंद पडली, माझ्या दुकानात कॉम्प्युटर आला. जुन्या निगेटिव्हची पोती जागा अडवत होती, ती मी एका दिवशी भंगारवाल्याच्या गाडीत टाकली. डोणगावच्या साखरपुड्याचं पाकीट त्यात होतं आणि त्या पाकिटात आमची शेवटची फ्रेम होती. हे आठवलं तेव्हा गाडी जाऊन महिना झाला होता.

भिंतीवरचा फ्रॉक हळूहळू पिवळा पडत गेला. आधी सायीसारखा, मग जुन्या वर्तमानपत्रासारखा. चौकटीखाली दबलेली कड तेवढी पांढरी राहिली असावी. बायकोला तो फ्रॉक सहन होईना. जी बाई पोरीला मळक्या कपड्यात दारातही उभी करत नव्हती, तिच्या डोळ्यांसमोर पोरगी रोज पिवळ्या फ्रॉकात उभी होती.

"काहीतरी करा ना," ती म्हणायची. "लोकायचे करून देता, घरचा काऊन नाई?"

खरंच, माझा आता धंदाच तो होता. फाटके, बुरशी लागलेले, उंदरांनी खाल्लेले फोटो स्कॅन करायचे आणि नवे करून द्यायचे. म्हणून तर मला ठाऊक होतं की त्यात काय होतं. चेहरा पडद्यावर हातभर मोठा होतो. डाग काढता काढता डोळ्यातला ठिपका हलतो, ओठाची कड मी माझ्या अंदाजानं भरतो, आणि शेवटी तयार होतो तो माणूस त्या माणसासारखा दिसतो, एवढंच. घेणारे खूश होतात. माझ्या मुलीला मी तसं करू शकलो नसतो. तिला हातभर मोठं बघायचीच मला भीती वाटत होती. नुसता स्कॅन करून ठेवायला काय हरकत होती? काहीच नव्हती. दिवाळी झाली की करतो, लग्नसराई झाली की करतो, असं करत मी वीसएक वर्षं काढली. भित्रा माणूस कामात असल्याचं सोंग छान करतो.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी जेवायला घरी आलो तर भिंतीवर नुसता खिळा. मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. बायको पाटावर बसली होती, समोर टपात पावडरचा फेस आणि बाजूला नीळ. चौकट सुरीनं उचकटून भिंतीला टेकवलेली. हाताच्या तळव्यावर फोटो घेऊन ती मऊ ब्रशनं फ्रॉक घासत होती, कॉलरपासून खाली, एका दिशेनं, जसा खरा घासायची तसा.

"पाहा," ती म्हणाली. चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी समाधान होतं. "कसा निघून राह्यला. तुमीच म्हणले होते ना, एकच पांढरं हाये म्हणून."

फ्रॉक पांढराशुभ्र झाला होता. तिथं फ्रॉकच उरला नव्हता. घड्या, बटणं, छातीवरचा कागदी झेंडा, सगळं ब्रशखाली गेलं होतं आणि खालचं कोरं प्लॅस्टिक मोरीच्या झरोक्यातल्या उन्हात निळसर चमकत होतं. पिवळेपण वरच्या थरात होतं. ज्याला ऊन खातं असं मी मनात धरून बसलो होतो ते पांढरं खाली जसंच्या तसं होतं. इतकी वर्षं मी जो शहाणपणा सांगत होतो तोही अर्धा चुकीचा निघाला.

चेहऱ्याला तिनं ब्रश लावला नव्हता. पण कोमट पाण्यानं आणि पावडरनं तिथला थर फुगला होता, कानापाशी फोड आला होता.

"काय केलं वं हे!" मी ओरडलो. तिच्या हातातून फोटो घेतला आणि स्वयंपाकघराकडे धावलो. परातीत माठाचं गार पाणी ओतलं. तुरटीनं जिलेटिन आवळतं हे मला माहीत होतं. दाढीच्या डब्यातला तुरटीचा खडा बत्त्यानं कुटला, पाण्यात ढवळला, फोटो अलगद त्यात सोडला आणि देवाचं नाव घेत बसलो. मी देवाचं फारसं नाव घेत नाही. बायको दारात उभी होती, कोपरापर्यंत फेस.

"बिघडला का?" तिनं विचारलं. मी परातीवर वाकलो.

थोडा वेळ वाटलं की जमलं. मग चेहरा कागदापासून सुटला. फाटला नाही, अख्खा सुटला, आणि परातीच्या पाण्यात तरंगू लागला. दोन्ही डोळे, नाक, हनुवटी, सगळं शाबूत. त्याच्याखाली कागद सरकवायचा आणि पाण्यासकट वर उचलायचं, एवढंच करायचं होतं. मी घाईनं कागद आत सारला. परात हलली. कपाळ हनुवटीवर दुमडलं. ते सरळ करायला मी बोट लावलं आणि बोटाला रंग लागला. उरलेलं पाण्यात विरलं.

फ्रॉक घासला बायकोनं, पण चेहरा माझ्या बोटानं गेला. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मग मी वेड्यासारखा मोबाइल घेऊन बसलो. घरातल्या दिवाळीचे, पाहुण्यांचे, कुणाच्या केळवणाचे, सगळे फोटो उघडले. तीन फोटोंत मागं ती भिंत होती. तिन्हींत चौकटीच्या काचेवर खिडकीचा उजेड पडलेला, नुसता पांढरा चौकोन. नांदुऱ्याला मेहुणीला फोन लावला. तिच्याकडेही नव्हता. "घरातच होता ना भाऊजी," ती म्हणाली, "आमी कायले काढून ठेवतो?" फोन ठेवला आणि मी जमिनीवर बसून रडलो. बायको गेली त्या दिवशीही इतका नाही रडलो असं लिहिणार होतो, पण ती कुठं गेली आहे, ती समोरच होती. मुलगी गेली त्या दिवशी, असं म्हणायचं होतं मला. त्या दिवशी मला धावपळ होती. आज काहीच करायचं उरलं नव्हतं.

बायकोनं हात पुसले. परातीतून तो कोरा कागद उचलला, झटकला, पदरानं टिपला आणि खिडकीतल्या उन्हात धरला. तिला कळलं होतं. मला वाटलं ती ऊर बडवेल, मला शिव्या देईल. ती माझ्या शेजारी येऊन टेकली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नका," ती म्हणाली. "तिचं तोंड मले पाठ हाये. डोळे मिटले का समोर येते, बुटासकट. तुमाले नाई येत का?"

मी डोळे मिटले. जांभळ्या उजेडातला फ्रॉक दिसला. त्याच्या वर, हसल्यावर चमकलेले दात दिसले. त्या दोन्हींच्या मध्ये आणि भोवती अंधार होता. मी डोळे घट्ट आवळले, कपाळ दुखेपर्यंत आवळले.

"हाव," मी म्हणालो. "येते ना."