श्मिटकाकांचा स्काट

पीएचडी पुढे सरको न सरको, किस्से मात्र साठतच जातात. दोन हजार चार-पाचच्या सुमारास जर्मनीत कायझर्सलाउटर्नला आम्ही चार-पाच मराठी डोकी शनिवारी मिलिंदच्या किचनमध्ये पत्ते कुटायचो. हे तिथलेच.

पहिल्या शनिवारी शिल्पाने सुपरमार्केटमधून कोरा जोड आणला. बदाम सात मांडला. सत्तीवर अठ्ठी चढली, खाली छक्की मात्र कोणी लावेना. "कोण दाबून बसलंय?" सगळे एकमेकांवर संशय घेऊ लागले. शेवटी पाकीट वाचलं. स्काट या जर्मन खेळाचा जोड! सत्तीखाली पत्तेच नाहीत.

शिल्पा म्हणाली, "इथे फक्त चढायचं. उतरायची सोय नाही."

*

वरच्या मजल्यावरचे श्मिटकाका रिटायर्ड, एकटे. एकदा त्यांनी बव्हेरियाकडचा जुना जोड दाखवला. त्यावर घुंगरं, पानं, ओकची फळं. फ्रेंचांनी ही चित्रं सोपी केली, काका म्हणाले. साचा ठेवायचा, लाल नाहीतर काळा रंग फिरवायचा, झालं. म्हणून इस्पिक-बदाम जगभर गेले.

मला ते ऐकून उगाच भरून आलं. आजोळच्या पत्त्यांचं मूळ इथे, तासाभरावरच्या फ्रान्सच्या सीमेपलीकडे निघालं होतं.

शिल्पा जोड चाळत होती. "यात राणीच नाही?"

"नाही. तिच्या जागी सरदार."

"मग मीही नाही," म्हणून ती चहा घेऊन खिडकीत जाऊन बसली.

*

आई गेल्यावर मिलिंदने वडिलांना नागपूरहून आणलं. बाबांचा जन्म सरकारी ऑफिसात शिपाई म्हणून साहेबांच्या केबिनबाहेर गेला. इथे ते कोणाशी बोलत नव्हते. रोज एकच, "माझं परतीचं तिकीट अलीकडचं कर." तिकडे घरात कोणी नाही, म्हणून मिलिंदचा जीव तुटायचा. आमचाही.

एका शनिवारी श्मिटकाकांनी बाबांना हाताला धरून खेळायला बसवलं. मिलिंद नियम सांगू लागला. "बाबा, स्काटमध्ये चारही गुलाम हुकमाचे. राजाच काय, एक्क्याच्याही वर."

"कायम?"

"कायम."

दोन-तीन हात झाले. मग काकांनी बदामचा राजा टाकला. बाबांकडे बदाम नव्हतं. त्यांनी चौकटचा गुलाम काढला, राजावर ठेवला आणि राजाकडे बघत हळूच म्हणाले, "साहेब, आता तुमी उभे राहा. मी बसतो."

काकांनी मिलिंदला विचारलं, काय म्हणाले? डाव संपताच बाबांनीच पत्ते गोळा करून काकांपुढे सरकवले.

"वाटा."