तिले सांग

कुसुमबाई आणि सुलोचनाबाई नऊ वर्षांत एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि त्याच नऊ वर्षांत त्या दर रविवारी एकाच माईकपुढे गायल्या होत्या. आर्वीच्या त्या लहानशा चर्चमध्ये याचं कोणाला काही वाटत नसे. एखादा पाहुणा पाळक आला की तेवढा फसायचा. या दोघी सख्ख्या बहिणी का हो, सूर किती जुळतो, असं विचारायचा. मग पुढच्या बाकावरच्या बाया पदर तोंडाला लावायच्या.

त्या बहिणी नव्हत्या, जावा होत्या. कुसुमबाई थोरली, मधुकररावांची बायको, माहेर रोहण्याचं. सुलोचनाबाई धाकट्या ओमप्रकाशची, अल्लीपूरची, लहानपणापासून विहारात गाणी म्हणत गळा तयार झालेली. ओमप्रकाशने आईला न विचारता तिच्याशी लग्न केलं, आणि तिने पुढे बाप्तिस्मा घेतला तरी सासूचा राग काही गेला नाही. दोघींची दारं एकाच अंगणात समोरासमोर. सकाळी एकीने सडा घातला की दुसरी त्यावरून मुद्दाम पाय ओढत जायची.

कुसुमबाई मुलींच्या एका वसतिगृहात पोळ्या लाटायची. सोमवार ते शनिवार तिला कोणी नावाने हाक मारत नसे, ती नुसती पोळीवाली मावशी. रविवारी मात्र ती पेटीवर बसली की अख्खी मंडळी तिच्या बोटांकडे बघायची. तिने पहिली पट्टी दाबल्याशिवाय चर्चमध्ये एक गाणं उठत नसे. त्या तासाभरासाठी ती आठवडाभर तव्यापुढे उभी राहायची, आणि हे ती उघडपणे सांगायचीही. स्वभावाने कडू होती. कोणाचा सूर चुकला तर गाणं संपायचीही वाट बघायची नाही, तिथेच डोळे वटारायची.

अबोल्याचं कारण सासूची माती. तानाबाई अकरा महिने अंथरुणाला खिळून होती. तिचं हगणं-मुतणं कुसुमबाईने काढलं. शेवटचे दोन महिने लकव्याने म्हातारीची वाचाच गेली होती. ती गेली, कबरीपाशी सगळे जमले, पाळकाने विचारलं, गाणं कोण म्हणणार. कुसुमबाई घसा साफ करत होती तेवढ्यात सुलोचना पुढे झाली. म्हणाली, आईनंच मले सांगतलं होतं, नदीपलीकडच्या घराचं गाणं तूच म्हणजो. आणि तिने ते म्हटलं. असं म्हटलं की खणणारे फावडी टाकून रडायला लागले. कुसुमबाईला ठाऊक होतं की हे धादांत खोटं आहे. घरी येऊन तिने सगळ्यांदेखत तसं म्हटलं, सुलोचनाने मान उडवली, आणि बोलणं बंद झालं ते झालं.

अबोल्याचेही नियम असतात. आधी बोलेल तो हरला, हा पहिला. निरोप तिसऱ्याच्या हातून द्यायचा, हा दुसरा. तिसरं माणूस नसेल तर भिंतीशी बोलायचं. सुलोचनाबाई माईकच्या दांड्याला सांगायची की काही लोकायची पेटी आज लय पळून राह्यली, आणि कुसुमबाई पेटीच्या भात्याला सांगायची की काही लोकायले दम नाई. एवढ्यावर उपासना नीट चालली होती.

मग नवा पाळक आला. अंकित नाव, वय एकोणतीस, नागपुरात शिकलेला. मयुरी त्याची बायको, कीबोर्ड वाजवायची. त्याने पहिल्याच महिन्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं नाव बदलून वरशिप टीम केलं आणि प्रत्येकीच्या हातात एक छापील कागद ठेवला. उपासनेच्या अर्धा तास आधी यावं. शुक्रवारचा सराव महिन्यात दोनदा चुकला तर नाव कमी. कपडे फिके असावेत, मोठे झुमके नकोत, मोबाईल बंद. पुढे उभं राहून जांभई देऊ नये, हेही लिहिलं होतं. कुसुमबाई वाचत गेली आणि खाली सही करणार तेवढ्यात नवव्या कलमाला अडखळली. संघातल्या कोणाशी अबोला असेल तर आधी तो मिटवावा, मंडळीसमोर तशी साक्ष द्यावी, आणि मगच पुढे यावं.

ती तरातरा पाळकाकडे गेली. हे कलम माझ्यासाठी टाकलं का, असं तिने विचारलं. त्याने शांतपणे सांगितलं की हे शास्त्रात आहे, मनात वैर ठेवून वेदीपुढे यायचं नसतं. कुसुमबाई म्हणाली, तुमच्या जन्माच्या आधीपासून मी या वेदीपुढे येते. तो हसला. त्याचं ते हसणं तिला नऊ वर्षांच्या अबोल्यापेक्षा जास्त झोंबलं.

दोघींनीही सही केली नाही. दोघींनाही खाली बसवलं. पेटीवर कापड पडलं आणि मयुरीचा कीबोर्ड पुढे आला. त्याच्या जोडीला स्पीकरमधून आयतं संगीत वाजायचं, ते आपल्या वेळेला थांबायचं आणि मंडळी दोन ओळी मागे गातच राहायची. कुसुमबाई डाव्या बाकावरून हा तमाशा बघायची, सुलोचनाबाई उजव्या. एकीचं तोंड दुसरीपेक्षा आंबट. असे चार रविवार गेले. वसतिगृहात कुसुमबाईच्या पोळ्या करपायला लागल्या. मधुकरराव एकदा म्हणाले की बोलून टाक, तोंड झिजणार आहे का. त्या दिवशी त्यांना भाजीत मीठ मिळालं नाही.

कापणीचा सण आठवड्यावर आला तेव्हा समोरचं दार उघडलं, आणि सुलोचनाबाई अंगण ओलांडून कुसुमबाईच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली.

"वो बाई," ती म्हणाली, "मी खोटं बोलली होती. आईनं मले काई नाई सांगतलं. माफ करा."

कुसुमबाई परातीत कणीक मळत होती. तिचे हात थांबले. नऊ वर्षं जे ऐकायला ती थांबली होती ते आयतं दारात चालून आलं होतं. ती जिंकली होती, आणि जिंकल्याचा आनंद तिला झाला, खोटं कशाला बोला. तिने लगेच मान वर केली नाही. सुलोचनाला थोडं ताटकळू दिलं.

सुलोचनाच पुढे बोलली. सासू आपल्याशी लग्नापासून एक शब्द बोलली नाही. जे काही बोलली ते तुमच्या तोंडून, तिले सांग मीठ जास्त झालं, तिले सांग कपडे वाळत टाक. मेल्यावर तरी लोकांना वाटावं की म्हातारी माझ्याशी बोलली होती, म्हणून तोंडातून निघून गेलं. आता मला गाण्याशिवाय करमत नाही, साक्ष मी देते, तुम्ही फक्त माफ केलं म्हणा. एवढं सांगून ती उभी राहिली. कुसुमबाई म्हणाली, "बरं, देजो." बस, एवढंच.

ती गेली आणि कुसुमबाईची कणीक तशीच राहिली. सुलोचना खोटं बोलते हे तिला इतकं पक्कं कसं माहीत होतं, हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. बरं झालं. कारण लकवा मारायच्या चार दिवस आधी ती सासूचे पाय चेपत होती तेव्हा तानाबाई म्हणाली होती, "तिले सांग, मले मातीत ठेवतानी नदीचं गाणं तिनंच म्हणाव. तुया हात चांगला आहे वं, पण गळा तिचा." कुसुमबाई हो म्हणाली होती. तिने जन्मभर या म्हातारीचे निरोप त्या दारात पोचवले होते, कधी पदरचं तिखटमीठ लावून, पण पोचवले होते. हा एकच तिने गिळला. ज्या बाईचं हगणं मी काढलं तिला गळा सुलोचनाचा आवडतो काय, असं म्हणून गिळला. आणि निरोप आपल्या पोटात असताना कबरीपाशी सुलोचनाने तोच बोलून दाखवला, तेव्हा कुसुमबाईच्या पायाखालची जमीन सरकली होती. सुलोचना खोटं बोलत होती आणि बोलत होती ते अक्षरन्‌अक्षर खरं होतं, आणि हे जगात एकट्या कुसुमबाईला माहीत होतं. अशा बाईचा राग येणार नाही तर कोणाचा येईल.

तरीही शनिवारपर्यंत तिने स्वतःची समजूत घातली. म्हातारी गेली, विषय गेला. सुलोचना आपल्या तोंडाने खोटं कबूल करते आहे, मी कुठे करायला लावलं. पेटी परत मिळते आहे, गप्प बसावं. तिने सगळ्या कलमांखाली ठसठशीत सही केली.

रविवारी चर्चमध्ये वेदीपुढे संत्र्यांच्या करंड्या, तुरीच्या शेंगा, दोन मोठे कोहळे. पेटीवरचं कापड निघालं होतं. पाळकाने दोघींना पुढे बोलावलं. सुलोचनाबाई माईकपाशी गेली आणि काही न लपवता सगळं बोलली. आई माझ्याशी कधी बोलली नाही, ते मी मनाने रचलं, मेलेल्या माणसाच्या नावावर मी खोटं बोलले. बाकांवर कुजबुज झाली. नऊ वर्षांपूर्वी जिचं गाणं ऐकून रडल्या होत्या त्याच बाया आता तिच्याकडे चोराकडे बघावं तशा बघत होत्या. ओमप्रकाशने मान खाली घातली ती वर केलीच नाही. पाळकाला मात्र भरून आलं. त्याने प्रभूची स्तुती केली आणि जाहीर केलं की जो मान त्या दिवशी कुसुमबाईंचा हिरावला गेला, तो आज त्यांना परत मिळेल. नदीपलीकडच्या घराचं गाणं आज त्या एकट्या म्हणतील.

कुसुमबाई पेटीवर बसली. बोटं पट्ट्यांवर ठेवली, भाता एकदा मागेपुढे केला. अख्खी मंडळी तिच्या हाताकडे बघत होती, तिला हवं होतं अगदी तसं. सुलोचना शेजारी पडल्या चेहऱ्याने उभी होती. कुसुमबाईला तिचा संताप आला. कबूल करायला कोणी सांगितलं होतं हिला? अबोला धरून बसली असती तर दोघींचं झाकलेलं राहिलं असतं. तिने भाता सोडला आणि माईक ओढून घेतला.

"ते खोटं नव्हतं," ती म्हणाली. आवाज भांडल्यासारखाच निघाला. "आईनं सांगतलं होतं, तिले सांग, गाणं तिनंच म्हणाव. मले सांगतलं होतं. मी हिले नाई सांगतलं."

पाळक कागद हातात धरून उभा राहिला. असल्या प्रकाराला त्याच्याकडे कलम नव्हतं. सुलोचनाबाईने कुसुमबाईकडे बघितलं. तिचे ओठ हलले, आता ही ओरडणार असं सगळ्यांना वाटलं. पण ती पाळकाकडे वळली.

"पास्टर, यायले सांगा," ती कुसुमबाईकडे बोट करून म्हणाली, "निरोप पोचला."

आणि ती वेदीपुढून निघून शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

पाळकाने नियम चाळून पाहिले. कुसुमबाई बोलली होती, साक्ष दिली होती, सही केली होती. तिला काढायला काही कारण निघालं नाही. तेव्हापासून दर रविवारी पेटीवर ती आहे आणि माईकपुढे दुसरं कोणी नाही. सुलोचनाबाई शेवटच्या बाकावरूनच गाते. पाळकाने दोनदा विनवलं, तिने टीममध्ये नाव घातलं नाही, त्यामुळे नववं कलम तिला लागत नाही. सूर चढा लागला तर ती मयुरीला हाक मारते आणि म्हणते, त्यायले सांग, अर्धी पट्टी खाली घ्या. मयुरी गुणी पोरगी आहे. ती उठून पेटीपाशी येते आणि निरोप जसाच्या तसा सांगते, एक शब्द इकडचा तिकडे करत नाही. कुसुमबाई पट्टी खाली घेते.