आमच्या मीटरवरची लढाई

ज्या माणसाला फटाक्यांची माळ सोसत नाही, त्याच्याच दारासमोर यंदा गणपतीत एकाहत्तरची लढाई लावली. तीही त्याच्याच सन्मानासाठी. आणि करंट घेतला आमच्याच मीटरवरून.

आमच्या पेठेत गणपतीपुढं सजीव देखावा करायची जुनी पद्धत आहे. रस्त्यात स्टेज बांधायचं, गल्लीतल्या पोरांनी वेश करून उभं राहायचं, मागून रेकॉर्ड केलेले संवाद सोडायचे आणि संध्याकाळभर तोच प्रसंग पुन्हा पुन्हा करून दाखवायचा. बघायला खेड्यापाड्यांतून टेम्पो भरून माणसं येतात. आजवर शिवकाळ झाला, हुंडाबळी झाला, व्यसनमुक्तीही झाली. ती करणारी निम्मी पोरं संध्याकाळी कुठं बसतात ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. यंदा विषय संपले असावेत, म्हणून माझ्या वडिलांची पाळी आली.

मला हे कळलं ते फ्लेक्सवरून. भाजी घेऊन कोपऱ्यावर वळले, तर समोर आबांचं तोंड, घराएवढं. डोक्यावर भगवा फेटा. आबांनी लग्नानंतर कधी फेटा बांधला नव्हता, तो कॉम्प्युटरवर बांधला होता. मिशाही जरा वाढवून दिल्या होत्या. खाली लिहिलं होतं, ‘आमच्या गल्लीचा वाघ’. घरी आले तेव्हा वाघ गॅलरीत बसून लसूण सोलत होता.

आबा पायदळात होते. लढाई संपली, पुढं काही वर्षांनी ते फौजेतून सुटून घरी आले, आणि आमच्या घरातली लढाई तिथून सुरू झाली. पहिल्यांदा ते एका फाउंड्रीत लागले. तिथल्या घणाच्या ठोक्यांनी त्यांच्या अंगाला घाम सुटायचा, हातातलं काम तसंच टाकून ते बाहेर येऊन उभे राहायचे. नोकरी सुटली. मग सूतगिरणीत वॉचमन झाले. तिथं भोंग्यावरून काहीतरी झालं, तीही सुटली. मधली काही वर्षं दारूत गेली, त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. आई हुपरीची. चांदीच्या पैंजणांना घुंगरू जोडायचं काम तिला माहेरून येत होतं. ती माल घरी आणायची आणि मान मोडेपर्यंत ते करायची. आमचं घर त्या घुंगरांवर उभं राहिलं. वाघाच्या फ्लेक्सवर तिचा बोटभर फोटो असता तरी मी एवढी चिडले नसते.

दिवाळीत आम्ही घरी नसायचोच. आई आम्हाला घेऊन पन्हाळ्याला जायची, तिथं तिच्या मावशीचं घर होतं. सगळी पोरं फटाके उडवत असताना आम्ही गडावर वाऱ्यात कुडकुडत चिवडा खात बसायचो. मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील असे असतात. मोठी झाल्यावर कळलं की नाही, आपलेच तसे आहेत. तेव्हा त्यांचा फार राग यायचा.

त्यांच्याबरोबर मुरगूडकडच्या एका खेड्यातला दोस्त होता. दोघं एकदमच भरती झाले, तो परत आला नाही. आबा वर्षातून एकदा मुरगूडच्या एसटीत बसायचे, स्टँडवर उतरायचे, चहा प्यायचे आणि त्याच गाडीनं परत यायचे. पुढं खेड्यात पाऊल टाकायचं धाडस त्यांना झालं नाही. का, ते त्यांनी लग्नानंतर कितीतरी वर्षांनी आईला एकदाच सांगितलं, आणि आईनं मरायच्या आधी मला. दोघं बांधाआड होते. दोस्ताला लागलं. मागं सरकायचा हुकूम आला, आबा सरकले. दोस्त पडल्या जागी राहिला. बराच वेळ हाका मारत होता, मग थांबला.

एवढंच. मांडी नाही, मिठी नाही, शेवटचे शब्द नाहीत.

देखाव्यात मात्र सगळं होतं. दोस्त आबांच्या मांडीवर डोकं ठेवून, गोळी लागलीच नसल्यासारख्या खणखणीत आवाजात आईला निरोप सांगतो, जयजयकार करतो आणि मान टाकतो. ही मांडी कुठून आली ते मला विचारावं लागलं नाही. ती तात्यांची. तात्या म्हणजे माझे चुलते, आबांचे धाकटे भाऊ. ते कधी फौजेत गेले नाहीत, पण त्या लढाईची हकीकत सगळ्यांत जास्त वेळा त्यांनीच सांगितली आहे, चहाच्या गाड्यावर. दरवर्षी त्या गोष्टीला नवी पालवी फुटते.

मी आधी मंडळाच्या अध्यक्षाकडं गेले. पोरगा वाईट नाही. आईच्या मयताला खांदा त्यानं दिला होता.

“हे बंद कर,” मी म्हणाले. “आबांना आवाज सोसत नाही, तुला माहीत नाही का?”

“आक्का, उगं टेन्शन घेतायसा. आबांचं नाव जिल्ह्यात गाजणार हाय. उद्घाटन बी त्यांच्याच हस्ते ठेवलंय की.”

“मग निदान आवाज तरी कमी ठेव.”

“बारीक केला तर मागच्या माणसांस्नी काय ऐकू येणार? लढाई हाय आक्का, भजन न्हाई.”

मग तात्यांकडं गेले. ते नवा शर्ट इस्त्रीला देत होते, उद्घाटनाला घालायचा म्हणून. मी त्यांना नको ते बोलले. मांडीचं खोटं का सांगितलंत म्हणून विचारलं. ते आधी ओरडले, मग खाली बसले.

“त्यो कधी सांगणार हाय का? त्यो सांगत न्हाई म्हणून मी सांगतो. भाऊ लढाईला गेलता आणि मी हितं म्हशी धूत बसलतो. एवढं सांगायचं तरी माझ्या वाट्याला येऊ दे की.”

माणूस खोटारडा असला की बरं असतं, भांडता येतं. तात्या धड खोटारडेही नाहीत.

शेवटी पोलिस चौकीत गेले. साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे सत्कार तुमच्या वडिलांचा, आणि तक्रार तुमची?” मी हो म्हणाले. “वडिलांची तक्रार आहे का?” तिथंच तर गाडी अडली होती. आबांनी तक्रार केलीच नव्हती. उलट मंडळाला मीटरवरून करंट घ्यायला त्यांनीच नेहमीसारखी मान डोलावली होती. साहेब हसून म्हणाले, “मीही येणार आहे बघायला.”

नवरा म्हणाला, आपणच वायर काढून टाकू या का, आणि लगेच म्हणाला, नको, गल्लीत राहायचंय आपल्याला. आई गेल्यावर आबांना आमच्या घरी न्यायला आलो होतो, ते हलेनात, म्हणून आम्हीच इथं राहायला आलो. त्यामुळं गल्ली आमची असली तरी नवऱ्याची सासुरवाडी आहे, आणि तो जावयासारखाच जपून वागतो.

मग उरला पन्हाळा. मावशीआजीच्या नातवाला फोन केला, खोली झाडून ठेवायला सांगितली, पिशवी भरली.

“आबा, चला. दिवाळीसारखं जाऊन येऊ.”

“मी न्हाई येत,” आबा म्हणाले.

“डॉक्टरांनी काय सांगितलंय? तुमच्या छातीला हे झेपणार नाही.”

“मी हितंच बसनार.”

जन्मात पहिल्यांदा हा माणूस आवाजापासून पळायला तयार नव्हता, आणि तोही नेमका यंदा. मी पिशवी पुन्हा रिकामी केली आणि कपाटाचं दार आपटलं. आमच्या घरात एवढाच स्फोट माझ्या हातात होता.

उद्घाटनाला आबांना शाल मिळाली, नारळ मिळाला, खराखुरा फेटाही बांधला गेला. मग पडदा उघडला आणि पहिला बॉम्ब वाजला तेव्हा मी त्यांच्या मागं उभी होते. फेट्याचा शेमला थरथरताना मला दिसत होता. लोकांना वाटलं, वारा आहे.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते गॅलरीत खुर्ची घेऊन बसायला लागले. कानात कापूस. स्टेज आमच्या भिंतीला लागून आडवं बांधलेलं, त्यामुळं बॉम्ब वाजला की गॅलरीचे गज हलायचे. मी त्यांच्याशेजारी बसायचे, पण देखाव्याकडं पाठ करून. मला ती मांडी बघायची नव्हती. मी फक्त आबांकडं बघायचे. बॉम्ब झाला की ते खुर्चीचे हात घट्ट धरायचे, कपाळावर घाम यायचा, ओठ पांढरे पडायचे. मग खालून जयजयकार, रडका सनईचा तुकडा, टाळ्या, आणि पडदा पडताना मोटरची घरघर. तेव्हा कुठं त्यांचे हात सैल व्हायचे. अर्ध्या तासात पुन्हा तेच. मी म्हणायचे, आत चला. ते नाही म्हणून मान हलवायचे. मी पाणी द्यायचे, ते हातातच राहायचं. ह्याला काय म्हणायचं? आपल्याच जखमेवर मीठ चोळून घ्यायला खुर्ची टाकून बसायचं? मला त्यांचा राग आला, तात्यांचा आला, टाळ्या वाजवणाऱ्या त्या सगळ्या बायाबापड्यांचा आला. हुपरीहून आईच्या माहेरची माणसं खास गाडी करून आली आणि “काय भारी झालंय गं!” म्हणून माझ्या गळ्यात पडली. मी त्यांना पोहे केले.

सहाव्या दिवशी मंडळानं आणखी एक स्पीकर आणला. गर्दी वाढली होती, मागं ऐकू जात नव्हतं. त्या संध्याकाळी पहिल्या बॉम्बला आबांच्या हातातला पाण्याचा पेला पडला. दुसऱ्याला त्यांनी डोळे मिटले आणि तोंडानं श्वास घ्यायला लागले. मी त्यांची नाडी धरली, ती सापडेचना. माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाघ, शाल, गल्ली, जावईपण, सगळं गेलं खड्ड्यात. मी जिना उतरले आणि दारामागचा मेन स्विच खाली ओढला.

लढाई थांबली. संवाद अर्ध्यावर तुटला, धूर सोडणारं यंत्र गप्प झालं. मग लोकांनी शिट्ट्या मारायला सुरुवात केली. मला बरं वाटलं. खरं सांगते, फार बरं वाटलं.

आणि वरून आबा ओरडले.

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दारूच्या दिवसांतही नाही.

“लाइट लाव! लाव लाइट!”

मला वाटलं, त्यांना काही झालं. धावत वर गेले. आबा खुर्चीत नव्हते, गजांना धरून उभे होते, अर्धे बाहेर वाकलेले.

“त्यो पडलाय अजून! उठला न्हाई त्यो. लाव की गं!”

तेव्हा मी पहिल्यांदा त्या बाजूला वळून बघितलं. कोपऱ्यावरच्या दिव्याचा उजेड स्टेजवर येत होता. आबा झालेला पोरगा उठून वायरी तपासत होता. दोस्ताचं काम करणारा, मोबाइलच्या दुकानात कामाला असलेला आमच्या गल्लीतलाच एक जण, तसाच पडून होता. पडद्याची मोटर करंटवर चालायची, आणि पडदा पडल्याशिवाय हलायचं नाही असं त्याला बजावलं होतं. बिचारा डोळे मिटून, मान टाकून निपचित पडला होता.

“आबा, तो नाटक करतोय. देखावा आहे तो.”

“म्हाईत हाय मला!” ते माझ्यावर खेकसले. “मला काय याड लागलंय व्हय? पडदा पडला की हितनं मागचं दिसतंय. त्यो उठतोय. कापडं झटकतोय. पानी पितोय, हसतोय. रोज उठतोय त्यो. लाव लाइट.”

मी खाली गेले आणि स्विच वर केला.

वर येईपर्यंत पडदा पडला होता. गॅलरीतून खरंच पडद्यामागचं दिसत होतं. दोस्त उठून बसला, मानेला हात लावून ती इकडंतिकडं वळवली, गुडघ्यावरची धूळ झटकली. सदऱ्यावर लाल रंग तसाच. त्यानं वर बघितलं, आबा दिसले, तसा हात हलवला. आबांनीही हलवला. मग ते खुर्चीत बसले आणि कानातला कापूस काढून मुठीत धरला.

अध्यक्ष दार ठोठावत होता, आक्का, काय झालं, फ्यूज गेला काय, म्हणून विचारत होता. माझा राग गेला नव्हता. ती मांडी अजून खोटीच होती, आणि आणखी थोड्या वेळानं तोच बॉम्ब पुन्हा वाजणार होता. पण मी आबांना आत चला म्हणाले नाही.

“त्येला च्या नेऊन दे,” आबा म्हणाले. “लई येळ पडून हुता त्यो.”

मी चहा ठेवायला गेले.