मेनू दाबा, मग ओके दाबा

आमच्या दुकानात दोन गोष्टींचा ढीग कधी कमी होत नाही. एक बंद पडलेले रिमोट आणि दुसरे किस्से. रिमोट निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? म्हटलं, आज तुम्हीच घ्या!

दुकान झाशीत, इलाइट चौराह्याजवळ. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि गच्चीवरच्या छत्र्या, म्हणजे डिश, असं सगळं दुरुस्त करतो आम्ही. आम्ही म्हणजे दोघं. रामसेवक भैया छतावर चढतात, मी फोनवर बसते. चॅनल गायब झाले की गिऱ्हाईक आधी मला फोन करतं. मी सांगते, "मेनू दाबा, ओके दाबा, ऑटो स्कॅन लावा." निम्म्यांचं काम तिथेच होतं. उरलेल्यांसाठी भैया मोटरसायकलला शिडी बांधून निघतात. मी घरात मराठी, दुकानात हिंदी आणि भैया पक्के बुंदेली, 'पण'ला 'मनो' आणि 'नाही'ला 'नइयाँ' म्हणणारे!

*

सिविल लाइंसमधले एक रिटायर्ड बडे बाबू. साऱ्या नोकरीत एक कागद हरवला नाही, असा लौकिक. त्यांचे सगळे चॅनल गेले. मी फोनवर स्कॅन लावून दिलं, म्हणजे बॉक्स आपणच चॅनल शोधत जातो. पाच मिनिटांनी पुन्हा फोन, आवाज घाबराघुबरा.

"भाभीजी, इसको बोलिए ज़रा धीरे चले!"

"किसको?"

"स्कॅन को! मैं एक नाम लिखता हूँ, तब तक चार निकल जाते हैं!"

बाबूजी वही घेऊन एकेका चॅनलचं नाव उतरवून घेत होते. मी म्हटलं, "लिहायची गरज नाही हो, बॉक्स लक्षात ठेवतो. शेवटी 'सेव्ह करायचं का' विचारेल, तेव्हा ओके दाबा."

थोड्या वेळाने तिसरा फोन. एकही चॅनल नाही!

"सेव्ह केलंत ना?"

"नहीं. उसने पूछा, मैंने मना कर दिया. मेरे पास तो सब लिखा हुआ है!"

*

छत्री फिरवून सिग्नल पकडताना पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. एक स्ट्रेंग्थची, म्हणजे ताकदीची. दुसरी क्वालिटीची. दुसरी शून्य असली तर पहिली कितीही भरू दे, चित्र येत नाही.

एका घरी भैया गच्चीवर, जावई शिडी धरून उभे आणि सासूबाई अंगणात. भैया वरून ओरडले, "ताकत तो भरपूर है, मनो क्वालिटी नइयाँ!"

सासूबाईंनी जावयाकडे एकदा पाहिलं. "भैया, हम तो शादी के दिन से यही कह रहे हैं!"

*

सुमनमावशी आमच्या लांबच्या नात्यातल्या. त्यांना मी बॉक्सवरचं प्रोग्राम गाइड शिकवलं. कुठल्या चॅनलवर किती वाजता काय आहे, ते आधीच दिसतं. मावशी खूश! रोज दुपारी तीनला चहाचा पेला घेऊन मालिकेसमोर बसायला लागल्या.

आठवड्याने तावातावाने फोन. "मीना, हे टीव्हीवाले शुद्ध लबाड आहेत गं! रोज गाइडमध्ये तीन लिहितात आणि मालिका लावतात साडेआठला! साडेपाच तास लेट! यापेक्षा आपल्या स्टेशनवरच्या गाड्या बऱ्या!"

साडेपाच तास म्हटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बॉक्सचं घड्याळ इंग्लंडच्या वेळेवर राहिलं होतं. सेटिंगमध्ये जाऊन 'अधिक साडेपाच' करून दिलं.

मावशींनी गाइड पाहिलं, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि समाधानाने म्हणाल्या, "बघ, तू ओरडलीस तेव्हा सुधारले!"

*

नगरा मोहल्ल्यातल्या एका मास्तरांच्या नातवंडांनी रिमोटची बटणं कशीही दाबली आणि मेनूची भाषाच बदलली. पडद्यावर सगळी अरबी अक्षरं! मी फोनवर म्हणतेय 'भाषा' कुठे लिहिलंय ते बघा आणि मास्तर म्हणतायत, "वही तो पढ़ा नहीं जा रहा!"

शेजारी सलीमचाचा, आखातात बरीच वर्षं नोकरी करून आलेले. मास्तरांनी त्यांना बोलावलं. चाचांनी चष्मा पुसला, पुढे वाकले, एकेक अक्षर सावकाश वाचलं. सारं घर श्वास रोखून!

"क्या लिखा है?"

"लिखा है, सिग्नल नहीं है."

मास्तर म्हणाले, "ये तो हमें बिना पढ़े भी दिख रहा था!"

*

आता नगऱ्यातल्याच दोन भावांचं सांगते. आपलंच मराठी घर. थोरले अण्णा, धाकटा बाळू. बाळू म्हणजे तोही पन्नाशीचा! आई गेल्यावर वाटण्या झाल्या, अंगणात भिंत आली आणि बोलणं बंद. सहा वर्षं.

दोघांची तक्रार एकच. सकाळी स्कॅन केलं तर सगळे चॅनल येतात, संध्याकाळी केलं तर निम्मे. अण्णा म्हणाले, "हा बाळूचाच उद्योग." बाळू म्हणाला, "अण्णाच काहीतरी करतो."

भैया छतावर चढले. घर वाटून घेतलं, पण छत्री एकच राहिली होती! तिच्या तोंडाशी जे डबडं असतं त्यातून एकच वायर निघून दोन्हीकडे गेलेली. असं डबडं एका वेळी एकाच गटाचे चॅनल देतं. अण्णांनी बातम्या लावल्या की बाळूची मालिका गुल!

दोन तोंडांचं डबडं कानपूरहून यायला पंधरा दिवस होते. मी दोघांना फोनवर सांगितलं, "तोवर एकमेकांना विचारून लावा."

"विचारून?" अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सातला त्यांचा फोन. "त्याला सांगा, मी बातम्या लावतोय." मी बाळूला सांगितलं. बाळू म्हणाला, "त्याला सांगा, अर्ध्या तासात आटप म्हणावं." तीन दिवस असे निरोप पोचवले. चौथ्या दिवशी मी वैतागले. "माझ्या फोनचं चार्जिंग संपतंय, भिंतीवरून ओरडा!"

फोन बंद झाले. मला वाटलं, टीव्ही बघणंच सोडलं बहुतेक.

पंधरा दिवसांनी नवं डबडं बसवायला भैयांबरोबर मीही गेले. अण्णा स्टुलावर चढून भिंतीला टेकलेले, हातात चहा. पलीकडे विचारत होते, "बाळू, झालं का तुझं? मॅच लावू?"

"थांब रे अण्णा, शेवटची पाच मिनिटं! आणि वहिनीला सांग, लोणचं मस्त झालंय!"

भैयांनी डबडं बदललं, दोन्ही घरांत स्कॅन केलं. सगळे चॅनल, दोघांनाही, कधीही! दोघांनी आमचे आभार मानले आणि आपापल्या घरात गेले.

आठ दिवसांनी अण्णांचा फोन. "मीनाताई, ते जुनं डबडं टाकलं तर नाही ना?"

"नाही. का, नवं बिघडलं?"

"छे, छे, उत्तम चाललंय. पण ते काढून जुनंच बसवा. आणि हे बघा, बाळूला कळू देऊ नका."

मी भैयांना हाक मारली. ते शिडी बांधत होते, तेवढ्यात परत फोन वाजला. बाळू.

"ताई, एक काम होतं," तो हळूच म्हणाला. "ते जुनं डबडं परत लावता येईल? पण अण्णाला सांगू नका हं!"