काचेची भिंत

बाबा सुतार होते आणि मी ओवरसियर. जबलपूर तेव्हा मध्यप्रांतात होतं. नागपूरच्या इंजिनिअरिंग शाळेतून परीक्षा देऊन आलो आणि सरकारी बांधकाम खात्यात लागलो. बाबा ठेकेदाराकडे मिस्त्री होते, त्यामुळे कधी ना कधी ते माझ्या हाताखाली येणार हे ठरलेलंच होतं. आले त्या दिवशी सकाळी निघताना म्हणाले, "कामावर मी तुले साहेबच म्हणीन. लोकं पाह्यतात." मी नको म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

काम एका सरकारी कचेरीचं होतं. तिच्या पडवीला बाहेरच्या अंगानं सबंध काचेची भिंत होती: सागवानाचे बारीक उभे-आडवे गज, मधल्या खणांत काचा, आणि वर पत्र्याचं छप्पर टेकलेलं. ही भिंत पूर्वी बाबांनीच उभी केली होती. काचा धुरकट झाल्या होत्या, त्या धरून ठेवणारी लांबी, खडूची भुकटी तेलात मळून भरलेली, तडकली होती. सगळ्या काचा काढून नव्या बसवा, असा वरच्या साहेबांचा हुकूम आला. पाहणीला ते स्वतः आले होते. मी त्यांना काम कसं करणार ते समजावत होतो. सगळ्या काचा दोन दिवसांत उतरवायच्या, लाकूड घासायचं, रंग द्यायचा, मग नव्या काचा.

बाबा मागे उभे होते. 'साहेब' म्हणायचं ते त्या क्षणी विसरले.

"सगळ्या एकदम काहून काढून राहिला रे? एका खणाची काढ, नवी बसव, मंग दुसऱ्या खणाची. नाहीतर आधी तिरप्या फळ्या ठोक. पत्र्याचं ओझं लाकूड घेते, पण लाकडाले सरळ काच ठेवते."

वरचे साहेब माझ्याकडे पाहू लागले. काच भार घेत नाही, असं आम्हाला पुस्तकात शिकवलं होतं. काच म्हणजे फुटणारी वस्तू, हिशेबात तिची ताकद शून्य धरायची. पण माझे कान तापले ते पुस्तकामुळे नाही, त्या 'रे'मुळे.

"मिस्त्री," मी म्हणालो, "तुम्ही तुमचं काम पाहा."

साहेब हसले आणि पुढे चालू लागले. बाबांनी मान खाली घातली, पटाशी उचलली आणि पहिल्या खणाची लांबी खरवडायला बसले. साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही की हा मिस्त्री माझा बाप आहे. मी सांगितलं नाही.

दोन दिवसांत भिंत मोकळी झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर बाबांनी कोपऱ्याच्या खांबाला ओळंबा लावला. दोरी खांबापासून चार बोटं दूर. त्यांनी मला हाक मारली, "साहेब, कलून राहिली." मी येतो म्हणालो आणि हातातलं पत्र पुरं करत बसलो. उन्हाळ्याचे दिवस होते, दुपारचा वारा सुटला होता. बाबांनी वाट पाहिली नाही. एक लांब फळी घेऊन ती तिरपी ठोकायला ते पुढे झाले. तेवढ्यात पत्रा थडथडला आणि सबंध चौकट, पत्त्यांची गड्डी एका बाजूला सरकवावी तशी, आडवी होत गेली. बाबांचा उजवा हात खांब आणि दगडी भिंत यांच्यामध्ये सापडला.

तीन बोटं गेली. अंगठा राहिला, पण त्यात जोर उरला नाही. रंधा त्यांनी पुन्हा धरला नाही.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "सांधे ढिले झाले होते का?" मी म्हणालो, "हो, झाले असावेत." त्यांनी 'असावेत' गाळून लिहिलं आणि मी खाली सही केली. चार दिवसांनी आवारात पडलेलं ते लाकूड मी एकट्यानं जाऊन पाहिलं. सांधे पिळवटून निघाले होते, पण आतलं लाकूड कोरडं, घट्ट, नव्यासारखं होतं. कीड नाही, कूज नाही. मी परत येऊन टेबलाशी बसलो. कागद तसाच पुढे गेला.

ठेकेदाराच्या माणसाकडून बाबांना ते कळलंच. संध्याकाळी मला विचारलं, "माझे सांधे ढिले होते म्हणून लिवलं?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्या डाव्या बाजूला सरकवला.

"सही कराच्या आधी पाह्यले होते?"

"नाही."

"अच्छा," बाबा म्हणाले, आणि डाव्या हातानं जेवू लागले.

पुढे पावसाळ्यात मी घरीच एक लहान चौकट केली. चार पट्ट्या, चार साधे सांधे. एका बोटानं ढकलली की कलायची. मग तीत काच बसवली, चारी बाजूंनी लांबी भरली आणि लगेच ढकलून पाहू लागलो. बाबा खाटेवरून पाहत होते.

"थांब. लांबी ओली हाये. पंधरा दिवस सुकू दे, मंग ढकल."

पंधरा दिवसांनी मी तळहातानं रेटली, मग खांद्यानं. चौकट हलली नाही. मी बाबांकडे पाहिलं. माफी मागायला इतकी चांगली वेळ पुन्हा आली नसती. मी म्हणालो, "लांबीत जवसाचं तेल किती घालायचं?" त्यांनी ते नीट सांगितलं, किती मळायची तेही सांगितलं.

बाबा त्यानंतर सहा वर्षं जगले. तेराव्याला बडा फुहारा बाजारातले त्यांच्या जुन्या ओळखीचे सुतार आले होते. पंगतीत त्यांतले एक म्हातारे माझ्या शेजारी बसले होते. म्हणाले, "हात गेला नसता तर आणखी पुष्कळ काम केलं असतं त्यांनी. आम्ही विचारायचो, भैया, तुमची भिंत पडलीच कशी? तर म्हणायचे, आंधीच तशी होती, एवढं मोठं वादळ, कोणाचा दोष नव्हता. माझा पोरगा तिथंच होता, तो पण काय करणार."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आंधीच होती ना?"

वाढणारा समोर येऊन उभा होता. मी पानावर हात आडवा धरला, भात नको म्हणून खूण केली आणि म्हणालो, "हो. आंधीच होती."